पायीं चालणारांची पेठ

या सदरांत आजवर आम्हीं उंबरठ्याच्या आंतल्या गोष्टींचाच बहुधा विचार केला. स्वयंपाकघरांतील उजेड, मुलांच्या अभ्यासाची जागा, वडील माणसांचें पथ्यपाणी, कुटुंबाचा जमाखर्च, असे विषय वाचकांनीं आपुलकीनें वाचले व त्यांवर पत्रेंही धाडलीं. या महिन्यांत मात्र उंबरठा ओलांडून चार पावलें बाहेर जाण्याचा विचार आहे. 'चार पावलें' हे शब्द आम्हीं जाणूनबुजून योजले आहेत. कारण जालन्यासारख्या गांवांत आज खरा प्रश्न पडतो तो हाच, कीं घराबाहेर पडलेल्या माणसानें हीं चार पावलें टाकावींत तरी कोठें?

आमच्या आत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. कुंडलिकेकांठच्या जुन्या जालन्यांत त्यांचा सारा जन्म गेला. रोज सकाळीं आनंदीस्वामींच्या देवळांत जाऊन यावें, परततांना भाजी घ्यावी, वाटेंत दोन ओळखीच्या घरीं विचारपूस करावी, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. देऊळ घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. कोणाच्या मुलीचें जमत आलें आहे, कोणाच्या घरीं दुखणें आहे, कोणाची सून बाळंत झाली, हें घरांत प्रथम त्यांच्याच तोंडून कळावयाचें. गेल्या वर्षीं दिवाळीनंतर त्यांनीं देवळांत जाणें सोडलें. त्याच सुमारास न्हाणीघरांत पाय घसरून त्यांचें मनगट दुखावलें होतें. कारण विचारलें तेव्हां म्हणाल्या, "घरच्या देवाला केलेला नमस्कार पोंचत नाहीं का रे?" आम्हांस वाटलें, वय झालें, गुडघे बोलूं लागले असतील. घरांतील कर्त्या पुरुषांना एवढें समाधान पुरतें.

खरें कारण दोन महिन्यांनीं, कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या बाईंकडून कळलें. "दादा, आत्याबाई येईनाशा झाल्या तवापासून जिवाला चैन नाही," ती म्हणाली. "त्या दिशी लई वाईट पडल्या. कडेला गाडी उभी होती म्हणून खाली रस्त्यावर उतरल्या. मागून फटफटी आली. तिला वाट द्यायला बाजूला झाल्या, अन् नालीवरली फरशी हालली." आम्हीं विचारलें, "गाडी कोणाची होती?" तिनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "तुमचीच की."

येथें संपादकी 'आम्ही' बाजूस ठेवून 'मी' म्हणणें भाग आहे. गाडी मीं उभी केली होती. पांचच मिनिटांसाठीं, रस्त्याच्या अगदीं कडेला, कोणाच्याही वाटेंत येणार नाहीं अशा बेतानें, असें मला तेव्हां वाटलें होतें. ती कड हीच आत्याबाईंची वाट होती, हें माझ्या ध्यानींमनींही नव्हतें. त्यांनीं गाडी ओळखली होती. न्हाणीघराची गोष्ट त्यांनीं रचून सांगितली, ती मला बोल लागूं नये म्हणून. आणि नेम सोडला तो धास्तीनें.

ही हकीकत सांगण्यांत प्रायश्चित्ताचा आव आणण्याचा हेतु नाहीं. असेंच थोड्याफार फरकानें घरोघरीं चाललें आहे, असें चौकशीअंतीं दिसून आलें, म्हणून ती सांगितली. दहा-बारा माणसांचें एकत्र कुटुंब घ्यावें. त्यांत गाडी हांकणारे किती? फार तर चार-पांच. आजोबा, आजी, शाळकरी मुलें, दिवस गेलेली सून, नुकताच आजारांतून उठलेला माणूस, घरकामाला येणारी बाई, हीं सारीं पायांवर अवलंबून. म्हणजे घरांतील निम्म्याहून अधिक माणसांचा गांवाशीं संबंध पायांनींच जडलेला असतो. आणि रस्त्याची सारी व्यवस्था उरलेल्या निम्म्यांसाठीं. पाऊल थांबलें कीं नुसता व्यायाम थांबत नाहीं. वृद्धांची गांवांतील ओळख थांबते. अर्ध्या मैलावरच्या शाळेंतही मुलाला पोंचविण्यासाठीं एक माणूस अडकतो. दोऱ्याचें रीळ आणावयाचें तरी सुनेला 'मला कोणी सोडाल का' असें विचारावें लागतें. स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर आपल्याकडे शंभर वर्षें व्याख्यानें झालीं. पण ज्या स्त्रीला एकटीनें दोन फर्लांग चालून वाण्याच्या दुकानापर्यंत जातां येत नाहीं, तिला त्या व्याख्यानांचा उपयोग किती?

या प्रश्नाचें भयंकर टोंक सरकारी आंकड्यांत दिसतें. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. म्हणजे दररोज सरासरी नव्वद. हा झाला मृतांचा हिशेब. जीं जिवंत आहेत, पण धास्तीनें घरांत बसलीं, त्यांची नोंद कोणत्याही अहवालांत होत नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. 'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यांत सर्वांच्या तोंडीं आहे, आणि ती उगाच पडलेली नाहीं. व्यापारावर वाढलेलें हें गांव. १७२५ सालीं, निजामुल्मुल्काच्या अमदानींत, येथें किल्ला उठला. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबाद व सदर बाजार, अशी दुहेरी वस्ती झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग आला आणि पेठेचा पसारा आणखी वाढला. या जुन्या पेठेची आंखणी कोणा अडाण्यानें केली असें समजण्याचें कारण नाहीं. गल्ल्या अरुंद ठेवल्या, कारण समोरासमोरच्या घरांची सावली एकमेकांच्या दारांत पडावी. दारापुढें ओटे ठेवले, कारण दमलेल्या माणसाला टेकावयास जागा हवी. 'बडी सडक' हें नांवच पाहावें. बैलगाडी, घोडा आणि माणूस यांच्या मानानें ती खरोखरच बडी होती.

पुढें मान बदललें. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला आणि आठ तालुक्यांचीं कामें घेऊन माणसें येथें येऊं लागलीं. पोलाद व बियाणें यांमुळें गांवाचें नांव देशभर झालें. २०११ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती २,८५,५७७ भरली. २०२३ सालीं नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. गांवाबाहेरून समृद्धि महामार्ग गेला, आणि ३० डिसेंबर २०२३ रोजीं जालन्याहून मुंबईस 'वंदे भारत' आगगाडी सुरू झाली. या सर्व गोष्टींचा आनंद आम्हांसही आहे. मात्र मुंबई जितकी जवळ आली तितकेंच आत्याबाईंचें देऊळ दूर गेलें, ही गोष्ट या भरभराटीच्या हिशेबांत कोठेंतरी मांडली पाहिजे.

जुन्या पेठेंतील कोणत्याही रस्त्याकडे सकाळीं अकराच्या सुमारास पाच मिनिटें उभें राहून पाहावें. मधोमध धांवणारीं वाहनें. त्यांच्या दोन्ही अंगांस उभ्या केलेल्या फटफट्या, कोठें कोठें दुहेरी ओळींत. त्यांच्या पलीकडे दुकानाबाहेर आलेला माल, पाट्या, लोखंडी जिने. त्याखालीं नाली व तिच्यावरील उंचसखल फरशा. मग दुकान. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पायीं चालणाराची तेवढी नाहीं. फटफट्यांची ओळ व धांवणारीं वाहनें यांमधील जी फटीएवढी वाट उरते, तिच्यांतून त्यानें अंग चोरून जावयाचें. आणि विशेष हें, कीं पेठेंत आलेला प्रत्येक माणूस, मग तो कसाही येवो, अखेर पायींच दुकानांत शिरतो. मोटारींतून उतरला कीं मोटारवालाही पादचारीच असतो. तेव्हां हा प्रश्न 'त्यांचा' आणि 'आमचा' असा नव्हेच. आपल्याच दोन अवस्थांचा आहे.

यावर जे उपाय हमखास सुचविले जातात त्यांत पहिला म्हणजे रस्तारुंदी. ओटे तोडा, झाडें काढा, रस्ता रुंद करा, म्हणजे सर्व सुरळीत होईल. अनुभव असा आहे, कीं वाढलेली रुंदी प्रथम उभ्या वाहनांनीं भरते, आणि उरलेल्या जागेंत धांवणाऱ्या वाहनांचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला तर टकरेचा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. आणि गतिरोधक दाबल्यावर गाडी थांबावयास लागणारें अंतरही तसेंच चौपट वाढतें. म्हणजे ज्या वृद्धेला बारा फूट ओलांडावयाचें होतें तिला आतां तीस फूट ओलांडावयाचें, आणि तेंही अधिक वेगवान वाहनांतून. सावली व ओटा हीं दोन्ही तर आधींच गेलेलीं.

दुसरा उपाय म्हणजे पायीं चालणारालाच उचलून वर ठेवणें. मुंबईंत २००८ सालीं वांद्रें स्थानकाबाहेर असा उन्नत पादचारी मार्ग झाला, आणि त्याच्या पाठोपाठ इतर स्थानकांबाहेरही असे पूल उभे राहिले. त्यांतील कित्येक ओस पडले. कारण उघड आहे. ज्याच्या पायांत बळ नाहीं त्यालाच जिना चढावयास सांगणें हा उफराटा न्याय आहे. आणि भाजी, औषध, देऊळ हीं सर्व खालीं असतांना वरून चालण्यांत लाभ कोणता? वांद्र्याचा तो मार्ग २०१९ सालीं धोक्याचा ठरून बंदही करावा लागला.

या बाबतींत एका परक्या विद्वानाचें स्मरण करणें उचित होईल. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले व पुढें १९१९ पासून मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आपले डॉक्टर घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. गेडिस मुंबई इलाख्यांतील व इतर प्रांतांतील गांवोगांवीं स्वतः गल्ल्यांतून पायीं हिंडले आणि त्यांनीं नगररचनेचे अहवाल लिहिले. जुन्या वस्तींतून नांगर फिरविल्याप्रमाणें सरळ रुंद रस्ते काढणाऱ्या तत्कालीन इंजिनियरांचा त्यांनीं कडक निषेध केला. त्यांचें म्हणणें असें, कीं गांव हें जिवंत शरीर आहे. त्याच्यावर शस्त्रक्रिया करावयाचीच तर ती जपून, जेवढी जरूर तेवढीच करावी. एखादी पडकी भिंत काढून लहानसा चौक मोकळा करावा, झाड वांचवावें, विहिरीभोंवतीं पार बांधावा, आणि लोकांना त्यांच्या ठिकाणीं राहूं द्यावें. खर्चही त्यानेंच कमी येतो, हें त्यांनीं हिशेबानिशीं दाखविलें. त्यांची ही शिकवण जालन्याच्या पेठेस आज तंतोतंत लागू पडते.

उदाहरणांची वाण नाहीं. डेन्मार्कची राजधानी कोपेनहेगन येथें १७ नोव्हेंबर १९६२ रोजीं 'स्ट्रॉयेट' नांवाचा सुमारें एक किलोमीटर लांबीचा बाजाररस्ता वाहनांस बंद करण्यांत आला. आणि तोही प्रथम प्रयोग म्हणून. दुकानदारांनीं कडाडून विरोध केला. गिऱ्हाईक तुटेल, आणि आमच्या थंड देशांत रस्त्यावर हिंडण्याची लोकांना संवयच नाहीं, असे त्यांचे आक्षेप होते. दोन वर्षांनीं तो प्रयोग कायम झाला. आज ती पेठ जगप्रसिद्ध आहे आणि धंदा बुडाल्याची तक्रार तेथें ऐकूं येत नाहीं. आपल्याकडे दिल्लीच्या चांदणी चौकांत लाल किल्ल्याकडून फत्तेपुरी मशिदीकडे जाणारा रस्ता २०२१ सालीं नव्यानें बांधून सकाळीं नऊ ते रात्रीं नऊ मोटारवाहनांस बंद केला. रुंद पदपथ, बसावयास दगडी बैठका, झाडें, अशी मांडणी झाली. मात्र पहाऱ्यांत ढिलाई झाली कीं फटफट्या पुन्हां शिरतात, असाही तेथील अनुभव आहे. तेव्हां नुसत्या फरश्या बसवून काम संपत नाहीं, हा धडा त्यांतून घ्यावा. पुण्याच्या महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांविषयींचें धोरण ठरविलें आणि ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्यावर 'पादचारी दिन' पाळला. लक्ष्मी रस्त्यावर वाहनांवांचून लोक खरेदी करीत हिंडत आहेत, हें दृश्य पुणेकरांनींही नवलानें पाहिलें. तो एका दिवसाचा सण आहे, ही त्याची मर्यादा. पण सणावांचून रूढि पडत नाहीं, हेंही खरें. शेजारच्या छत्रपति संभाजीनगरचें उदाहरण तर घरचेंच. केंद्र सरकारनें २०२० सालीं 'लोकांसाठीं रस्ते' अशा अर्थाची जी चढाओढ देशांतील शहरांपुढें ठेवली, तिच्यांत २०२२ सालीं निवडलेल्या अकरा शहरांत आपल्या राज्यांतील चार होतीं : पुणें, पिंपरी-चिंचवड, नागपूर आणि संभाजीनगर. जें साठ किलोमीटरांवर सुचूं शकतें तें येथें सुचूं नये असें नाहीं.

कायद्याची बाजूही आतां दुबळी राहिलेली नाहीं. १४ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें स्पष्ट केलें, कीं अडथळ्यावांचून पदपथावरून चालतां येणें हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि पदपथांविषयीं नियम करण्याची आज्ञा राज्यांना केली. म्हणजे आत्याबाईंना देवळापर्यंत चालतां यावें ही आतां कोणाच्या कृपेची गोष्ट नसून त्यांचा हक्क आहे.

मग जालन्याच्या पेठेंत काय करावें? आम्ही इंजिनियर नव्हे. तथापि घर चालविणाऱ्या माणसाच्या नजरेनें जें दिसतें तें क्रमानें मांडतों.

पहिली गोष्ट अखंड पदपथाची. रस्तेबांधणीच्या राष्ट्रीय संस्थेनें पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारें सहा फूट, असावी आणि उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असें ठरवून दिलें आहे. सहा फुटांत पिशव्या घेतलेल्या दोन स्त्रिया समोरासमोरून जाऊं शकतात व चाकांची खुर्चीही जाते. उंची वीतभराहून कमी हवी, कारण त्याहून उंच पायरी म्हातारें माणूस चढत नाहीं. तें रस्त्यावरूनच जातें. नालीवरील फरश्या पक्क्या व समपातळींत बसवाव्या. जेथें सहा फूट निघणेंच शक्य नाहीं अशा गल्लींत पदपथाचा हट्ट न धरतां सारी गल्लीच एका पातळीवर आणावी, आणि तींत वाहनानें चालणाराच्या चालीनें जावें, असा दंडक घालावा.

दुसरी गोष्ट वेळेच्या वाटणीची. पेठेच्या गाभ्यांत मालाच्या गाड्या सकाळीं लौकर व रात्रीं याव्या. दुकानें भरात असतांना चारचाकी वाहनांना तेथें मज्जाव असावा. रुग्णवाहिका व आगीचा बंब यांस अर्थात् सदैव वाट मोकळी. ज्यांना पाऊलही टाकवत नाहीं अशांसाठीं विजेवर चालणाऱ्या दोन-चार लहान गाड्या संथ गतीनें फिरत्या ठेवाव्या.

तिसरी गोष्ट वाहनतळाची. गाड्या उभ्या करण्यास पेठेच्या तोंडांशीं जागा हव्या, आणि त्यांसाठीं दाम मोजावें लागावें. घरांत एक जास्तीचें कपाट ठेवावयाचें तर आपण दहा वेळां जागेचा विचार करतों. सार्वजनिक रस्त्यावर त्याहून मोठी वस्तु दिवसभर फुकट ठेवण्याचा हक्क आपणांस कोणी दिला?

चौथी गोष्ट हातगाडीवाल्यांची. पदपथ मोकळे करावयाचे म्हणजे प्रथम या गरिबांना हांकावयाचें, अशी एक रीत पडली आहे. ती अन्यायाची आहे आणि बेकायदाही आहे. २०१४ च्या कायद्यानें फेरीवाल्यांना ठरलेल्या जागीं धंदा करण्याचा अधिकार दिलेला आहे. आत्याबाई पडल्या तेव्हां त्यांना हात देऊन उठविलें तें त्या भाजीवालीनेंच. दिवसभर कोपऱ्यावर बसणारें असें माणूस हा पेठेचा पहारा असतो. त्यांना आंखून जागा द्यावी, हांकूं नये.

पांचवी गोष्ट सावली, बांक, पाणी आणि स्त्रियांसाठीं स्वच्छ मुताऱ्या. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. निंबाच्या सावलीवांचून नुसता पदपथ हा तवा होतो. आणि मुताऱ्यांच्या अभावीं किती स्त्रिया पाणी न पितां बाजार उरकतात, हें कोणत्याही घरांत विचारून पाहावें.

सहावी गोष्ट नदीवरील पुलांची. जुना व नवा जालना यांस जोडणाऱ्या प्रत्येक पुलावर पायीं चालणारासाठीं कठड्यानें अलग केलेली वाट असावी, नाहीं तर दोन गांवें एका नांवाचीं राहतील, पण एक होणार नाहींत.

व्यापारी बंधूंचा आक्षेप आम्हीं ऐकला आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. एका परिचित कापडवाल्यांनीं आम्हांस सांगितलें, "साहेब, लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यावरून माणसें जीप करून येतात. पेठेच्या तोंडाशीं त्यांना उतरवलें तर तीं पहिल्याच दुकानांत शिरतील. माझ्यापर्यंत कोण येणार?" हा प्रश्न खरा आहे. त्यास आमचें उत्तर असें, कीं उतरण्याची जागा एकच न ठेवतां पेठेच्या चारही तोंडांस ठेवावी, आणि खरेदी झाल्यावर गांठोडीं तेथपर्यंत पोंचविण्याची सोय व्यापारी मंडळानें करावी. एवढ्यानें त्यांचें पूर्ण समाधान झालें नाहीं, हेंही प्रामाणिकपणें नमूद करतों. म्हणूनच आमची सूचना अशी, कीं एकदम फरश्या बसविण्याचा खर्च करूं नये. महिन्यांतून एक रविवार, एकच रस्ता, रंगाचे पट्टे व पिंपें ठेवून बंद करावा. सहा महिने असें करून पाहावें. आणि त्या दिवशींच्या गल्ल्यांची बेरीज व्यापाऱ्यांनींच करावी. ती उतरली तर आम्ही या सदरांत तसें छापूं.

रस्ता वाहनांस बंद ठेवणें जालन्यास नवें आहे असें तरी कोठें आहे? आषाढी एकादशीला आनंदीस्वामींची पालखी निघते तेव्हां जुन्या जालन्यांत कोणाची मोटार आडवी येते? धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, गणपति मोती तलावाकडे जातात, शेगांवच्या श्रीगजाननमहाराजांची पालखी पंढरपुराहून परततांना येथून जाते. त्या त्या वेळीं सारें गांव आपोआप वाट करून देतें. याच जिल्ह्यांतील जांबेस जन्मलेल्या समर्थांनीं बारा वर्षें भरतखंड पायांनीं पालथें घातलें, असें आपण मुलांना अभिमानानें सांगतों. पायीं चालणाराला मान देण्याची वृत्ति आपल्यांत नाहीं असें नाहीं. ती आपण सणासाठीं राखून ठेवली आहे, एवढेंच.

आतां शेवटीं आपल्या घराविषयीं. महानगरपालिका काय करील तें करील. पण पेठेंतील ज्या गाड्या आपण मोजतों त्या आपल्याच घरांतून निघालेल्या असतात. आमच्या घरीं या प्रकारानंतर तीन नियम झाले. अर्ध्या मैलाच्या आंतील कामास गाडी काढावयाची नाहीं. रस्त्याच्या कडेला, पांच मिनिटांसाठींही, गाडी उभी करावयाची नाहीं. आणि घरांतील कर्त्या माणसानें महिन्यांतून एकदां तरी घरांतील सर्वांत वृद्ध माणसाचा हात धरून, त्यांच्या चालीनें, पेठेंतून जाऊन यावयाचें. पहिले दोन नियम मोडण्याचे प्रसंग आले व एकदां पहिला मोडलाही. पुतण्याचें म्हणणें, पाऊस फार होता. तिसऱ्या नियमानें मात्र आमचे डोळे जितके उघडले तितके कोणत्याही अहवालानें उघडले नसते. दहा मिनिटांच्या त्या वाटेस आम्हांस पंचवीस मिनिटें लागलीं आणि अकरा वेळां पदपथ सोडून रस्त्यावर उतरावें लागलें. प्रत्येक वेळीं आत्याबाई थांबत, मागें वळून पाहत, माझा दंड घट्ट धरीत, आणि मगच पाऊल खालीं टाकीत. भाजीवालीनें त्यांना पाहिलें, ती उठून उभी राहिली, आणि दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. तिच्या नातीची चौकशी झाली, मेथीच्या भावाची झाली, मागच्या दुकानांतील म्हातारे गेल्याचें कळलें. परततांना आत्याबाईंनीं विचारलें, "उद्यां तुला वेळ आहे का रे?" उद्यां मला वेळ नव्हता. तो काढला, हें सांगण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं. पण कोणी तरी वेळ काढल्यावांचून ज्या वाटेनें जातां येत नाहीं ती वाट अजून त्यांची झालेली नाहीं, हें तेव्हां मला कळलें.

वाचकांस विनंति इतकीच, कीं आपल्या घरापासून देऊळ, शाळा व बाजार यांपर्यंतच्या वाटेवर घरांतील वडील माणसाबरोबर एकदां चालावें; किती वेळां रस्त्यावर उतरावें लागलें, कोठें फरशी हालते, कोठें बसावयास जागा नाहीं, हें एका कागदावर टिपावें; आणि तो कागद आपल्या नगरसेवकाकडे व एक प्रत आमच्याकडे पाठवावी. जालना, परभणी, बीड, अंबड, जेथून येतील तेथून येवोत. आलेल्या टिपणांवरून पुढील एखाद्या अंकांत या विषयाकडे पुन्हां वळूं.